जबड्यातली पिशवी आणि खडं मीठ

कल्याण पश्चिमेला, एका फरसाणवाल्याच्या दुकानावरच्या मजल्यावर आमची लॅबोरेटरी होती. खाली गाठ्या तळतात आणि वर आपण गाठी कापतो, हा विनोद आमचे डॉक्टर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे. त्यांच्याकडे तेवढा एकच विनोद होता. सात वर्षं मी तो ऐकला आणि सात वर्षं हसले. नोकरीत तेही धरलेलं असावं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी डोंबिवलीत राहायचे, बी.एस्सी. होऊन वर टेक्निशियनचा कोर्स केला होता. आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना वाटायचं की मी दिवसभर लोकांच्या लघवीच्या बाटल्या हाताळते. हळदीकुंकवाला गेले की मला वाटी हातात न देता समोर टेबलावर ठेवायच्या. मी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही. ज्यांना समजून घ्यायचं नाही त्यांच्यासाठी तोंड कशाला शिणवा, असं माझं ठाम मत होतं. माझी बरीचशी मतं तेव्हा अशीच ठाम होती.

माझं खरं काम वेगळं होतं. ऑपरेशनमध्ये माणसाच्या शरीरातून काढलेला तुकडा आमच्याकडे यायचा. तो फॉर्मॅलिनमध्ये पक्का करायचा, स्पिरिटमधून काढून त्यातलं पाणी घालवायचं, मेणाच्या वडीत बसवायचा, मग चाकाच्या यंत्रावर त्या वडीचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे. ते काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे आणि रंगवायचे. एवढं सगळं झाल्यावर डॉक्टर चार वाजता यायचे, मायक्रोस्कोपला डोळा लावायचे आणि दीड तासात दिवसाचं काम उरकून घरी जायचे.

डॉक्टर एके काळी मोठ्या कॉलेजात शिकवत होते म्हणे. असतीलही. मी त्यांना पाहिलं ते निवृत्तीनंतर. शेजाऱ्याच्या घरी लग्नाचा आल्बम हातात पडला की आपण जसा चाळतो, तशा ते काचा चाळायचे. ओळखीचा चेहरा दिसला तर थांबायचं, नाहीतर पुढे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. रिपोर्ट इंग्रजीत असायचा, पण मराठीत सांगायचं तर ते वाक्य असं: जुनाट दाह, विशेष काही नाही. पोटातला तुकडा असो, मानेतला असो, हिरडीतला असो, जुनाट दाह, विशेष काही नाही. टाइपरायटरवर हे वाक्य मी डोळे मिटून मारू शकायचे आणि कधी कधी चिडून खरंच डोळे मिटून मारायचे.

जबड्यातला माल आमच्याकडे फार कमी यायचा, कारण दंतवैद्य मंडळी तो बादलीत टाकायची. दात काढला की प्रश्न मिटला, ही त्यांची विद्या. अडकलेल्या अक्कलदाढेभोवती एक पातळ पिशवी असते. दाढ सरळ उगवली तर ती पिशवी आपोआप संपते. दाढ हाडातच आडवी पडून राहिली तर पिशवीही राहते. आणि दात घडवताना उरलेल्या पेशी तिथे हाडात, हिरडीत पडून असतात, वर्षानुवर्षं गप्प. मग कधी हिरडी सुजते, पू होतो, दाह आत झिरपतो आणि या पेशी पुन्हा वाढायला लागतात. काही तर दाहाचीही वाट बघत नाहीत. पिशवी फुगते, तिच्यात पाणी भरतं, भोवतालचं हाड विरघळत जातं. माणूस मजेत जेवत असतो. एक दिवस गाल फुगतो तेव्हा आतून निम्मा जबडा पोकळ झालेला असतो. आणि आमचे दंतवैद्य ती पिशवी खरवडून कापसात गुंडाळून कचऱ्यात टाकणार आणि पेशंटला आइस्क्रीम खायला सांगणार. मला त्या लोकांचा मनस्वी तिटकारा होता.

जे थोडे दंतवैद्य तुकडा पाठवायचे, ते तो पेशंटच्याच हातात द्यायचे. हीच आपल्याकडची पद्धत होती, फक्त दंतवैद्यांची नाही, सगळ्यांची. कुरियर वगैरे कुठलं आलंय. ऑपरेशन झालं की नातेवाइकाच्या हातात बाटली ठेवायची, "कल्याणला नेऊन द्या" म्हणायचं आणि हात झटकायचे. लोक त्या बाटल्यांचं काय करायचे ते मला विचारा. एका गृहस्थांनी फॉर्मॅलिनचा वास येतो म्हणून ते ओतून टाकलं आणि आत गुलाबपाणी भरलं. एका सुशिक्षित बाईंनी, होय, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी, सासऱ्यांची गाठ फ्रीझरमध्ये ठेवली आणि चार दिवसांनी बर्फाचा दगड करून आणली. लोणच्याची बरणी, खोकल्याच्या औषधाची बाटली, काजळाची डबी, सगळं मी पाहिलंय. प्रत्येकाला मी काउंटरवर उभं करून सुनावायचे. माझ्या जिभेला हाड नाही असं आमची आई म्हणायची आणि मला ते कौतुक वाटायचं.

त्यातलीच एक मावशी. वय चाळिशीच्या पुढचं, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, कल्याणच्या बाजारात मासे विकणारी. एका मंगळवारी सकाळी ती आली. काष्टा नेसलेली, अंबाड्यात अबोली, आणि उजवा गाल असा सुजलेला की डोळा अर्धा मिटलेला. गालावरून डोक्यापर्यंत ओढणीसारखा रुमाल बांधला होता. तिच्या हातात पावडरचा रिकामा डबा होता. तो आणि दंतवैद्याची चिठ्ठी तिने काउंटरवर ठेवली आणि जबडा न हलवता म्हणाली, "डाक्तरनी दिलाय. तपासाला."

मी डबा उघडला. आत खडं मीठ. मी पेन्सिलीने ते उकरलं. मिठाच्या मधोमध एक करडा, आक्रसलेला, चामडीसारखा तुकडा होता, अंगठ्याएवढा.

"हे काय आहे?"

"माझ्या जबऱ्यातला," ती म्हणाली. "शनवारी काढला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डोंबिवलीतल्या एका दंतवैद्याने तिची अडकलेली दाढ काढली होती आणि दाढेमागून अपेक्षेपेक्षा मोठी पिशवी निघाली म्हणून तो बिचकला होता. एरवी त्यानेही ती बादलीतच टाकली असती. घाबरला म्हणून पाठवली. पण पाठवली कशात, तर नळाच्या पाण्यात, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत. मांसाचा तुकडा नळाच्या पाण्यात! फॉर्मॅलिन आणायला खाली मेडिकलपर्यंत जायचे कष्ट कोण घेणार. शनिवारी संध्याकाळी ही आमच्याकडे आली तर आम्ही बंद केलेलं. रविवारी बंद. सोमवारी कसलीशी सुट्टी. रविवारी दुपारी तिने बाटलीचं बूच उघडून वास घेतला.

"सरत व्हता," ती म्हणाली. "पानी वतला, मिठात घातला. आमच्या घरात काय सरू देत नाय."

म्हणजे सडत होता, म्हणून पाणी ओतून मीठ भरलं. तिने हे इतक्या सहज सांगितलं, जणू याहून वेगळं कुणी करेलच का. उरलेली मासळी जशी खारवतात तसा तिने स्वतःचा जबडा खारवला होता.

मला हसू फुटलं. आणि हसू ओसरलं की मला नेहमी राग यायचा. दंतवैद्याला फोन करून झापायची माझी हिंमत नव्हती, कारण तो काम पाठवणारा आणि आमचे डॉक्टर त्याच्याशी नमस्कार-चमत्कार ठेवून असायचे. मावशी मात्र समोर उभी होती. मी तिला म्हटलं, "मावशी, हा काय बोंबील आहे का? याचं आता काही होणार नाही. वाया घालवलंत सगळं." तिने डब्याचं झाकण लावून तो माझ्याकडे सरकवला.  जाता जाता एक विचारलं, "परत तं नाय ना होनार? मना बाजारात वरडायला लागतं." तिच्या धंद्यात आवाज लागतो, जबडा लागतो, मुका माणूस मासे विकू शकत नाही, हे तिने एवढ्याच शब्दांत सांगितलं. मी म्हटलं, "शुक्रवारी या."

डॉक्टर आले तेव्हा मी डबा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी नाकाला रुमाल लावला, वास कसलाही येत नसताना. "तपासण्यास अयोग्य असं लिहा आणि टाकून द्या," म्हणाले. मग जरा थांबून, "आमच्याकडे जवळा सुद्धा तपासून मिळेल, अशी पाटी लावायची का?" म्हणजे दुसरा विनोद. सात वर्षांत हा एकच नवा.

मी तो तुकडा टाकला नाही. कुणाला वाटेल दयेने. छे. मला तो कापून, रंगवून, मावशीच्या नाकासमोर धरून दाखवायचं होतं की बघा, तुमच्या मिठाने काय केलं. एवढा खुनशीपणा माझ्यात होता आणि त्याला मी कामावरची निष्ठा म्हणायचे. मी तो तुकडा धुतला, फॉर्मॅलिनमध्ये ठेवला, दुसऱ्या दिवशी त्याचे चार भाग केले आणि मेणात बसवले. मिठाने तो इतका घट्ट झाला होता की चाकूची धार दोनदा लावावी लागली. गुरुवारी दुपारी काचा तयार झाल्या. डॉक्टर यायला अजून अवकाश होता. मी मायक्रोस्कोपचा दिवा लावला आणि पहिली काच ठेवली.

पेशी आक्रसल्या होत्या, मधे मधे फटी पडल्या होत्या, पण होत्या. नळाच्या पाण्यात मंगळवारपर्यंत राहिल्या असत्या तर नुसता चोथा झाला असता. मिठाने त्या धरून ठेवल्या होत्या. ज्याला मी घोटाळा म्हणत होते, त्यामुळेच मला काही दिसत होतं. त्या क्षणी मला हे कबूल करायलासुद्धा राग आला.

पहिल्या तीन काचांमध्ये नुसता दाह. पिशवीच्या अस्तराच्या आत-बाहेर सुजेच्या पेशींची गर्दी, अस्तर वेडंवाकडं जाड झालेलं, त्याची मुळं खाली सुटलेली. असं असलं की कुठलीही पिशवी कुठल्याही पिशवीसारखी दिसते. दाह एकदा आत शिरला की अस्तराची मूळ ठेवण मोडते आणि मग साधी कुठली, वाईट कुठली, काही सांगता येत नाही. म्हणून जिथे दाह पोचलेला नाही असा कोपरा शोधायचा असतो. हे मला डॉक्टरांनी शिकवलं नव्हतं. त्यांच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकात मी वाचलं होतं. ते पुस्तक ते स्वतः कधी उघडत नसत.

चौथ्या काचेत तो कोपरा सापडला. एका घडीच्या आत, जेमतेम तिळाएवढा. तिथे अस्तर सहा-सात थरांचं, सगळीकडे सारख्या जाडीचं. वरचा काठ बारीक लाटांचा. आणि सगळ्यात खालच्या ओळीतल्या पेशी उभ्या, गडद, एकमेकींना खेटून, प्रार्थनेला उभ्या केलेल्या शाळकरी मुलींसारख्या. अशी ओळ साध्या पिशवीत नसते. मी ती त्याआधी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती. ही जात वेगळी. ही दाह झाला म्हणून वाढत नाही, हिच्या पेशींना मुळात वाढायचीच खोड असते. खरवडताना चिमूटभर जरी मागे राहिली तरी दोन-चार वर्षांनी परत येते, आणि परत येते ती आणखी हाड खाऊन. कॅन्सर नव्हे, पण हलक्यात घ्यायची गोष्टही नव्हे. अशा माणसाचा जबड्याचा एक्स-रे फोटो दर सहा महिन्यांनी, वर्षानुवर्षं काढावा लागतो. लवकर सापडली तर पुन्हा खरवडून भागतं. उशीर झाला तर जबडा कापावा लागतो.

माझं काळीज धडधडत होतं. खोटं कशाला बोलू, ते मावशीसाठी नव्हतं. मला सापडलं म्हणून होतं.

डॉक्टर चारला आले. मी म्हटलं, "सर, चौथ्या काचेत एक कोपरा बघाल का? खालची ओळ." त्यांनी पहिली काच बघितली, दुसरी बघितली, तिसरी लावली आणि म्हणाले, "दाह."

"सर, चौथी."

"अहो, मिठाने आक्रसलेल्या पेशींवरून निदान करायचं नसतं," ते म्हणाले. "आक्रसल्या की सगळ्याच गडद दिसतात. दंतवैद्यांनी काय लिहिलंय चिठ्ठीत?"

"साधी पिशवी, खात्रीसाठी."

"मग झाली की खात्री." त्यांनी चौथी काच लावली, भिंग पुरतं जुळवलंही नाही आणि काढून ट्रेमध्ये ठेवली. "आणि हे बघा, काचा तुम्ही करायच्या, वाचायच्या मी. उद्या तुम्ही रिपोर्टवर सही पण कराल."

त्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं, हे मला आज कबूल आहे. आक्रसलेल्या पेशी फसवतात. पण शंका असेल तर शंका आहे असं लिहितात, मुंबईला दुसऱ्या कुणाला दाखवतात, पेशंटला पुन्हा बोलावतात. त्यांनी शंका घेतली नाही, कारण शंका घेतली की घरी जायला उशीर होतो. साडेपाचला ते जिना उतरून गेले आणि मी टाइपरायटरवर कागद चढवला. पिशवीचं अस्तर, जुनाट दाह, विशेष काही नाही. मी ते टाइप केलं. एकही अक्षर बदललं नाही. खाली एक ओळ घालण्याइतकं धैर्य माझ्यात नव्हतं. घरी जाताना मात्र मी त्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की तेवढ्याने मला स्वतः शूर असल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी आमच्याकडे वीज जायची. पंखे बंद, खालून तेलाचा वास, बाकावर रिपोर्टसाठी बसलेले सात-आठ जण. मेण वितळवायला मी स्टोव्ह पेटवला होता आणि माझ्या अंगाची लाही लाही होत होती. तेवढ्यात मावशी आली. बाजार आटोपून आली असावी. गालाची सूज बरीच उतरली होती. रिपोर्टचं पाकीट तिच्या हातात ठेवताना माझ्या मनात सगळं उसळून आलं, डॉक्टर, चौथी काच, दंतवैद्याचं नळाचं पाणी. आणि मी तोंडाचा पट्टा सोडला.

"मावशी, तुमच्या त्या मिठाने किती घोळ झालाय माहितेय? डॉक्टर आमच्यावर ओरडतात! बाटलीतला तुकडा मिठात घालायचा असतो का? कुणी सांगितलं तुम्हाला? सुकट करायला निघालात? रिपोर्टमध्ये साधं लिहिलंय, पण ते सोडा, मला विचाराल तर हे परत येऊ शकतं. दर सहा महिन्यांनी जबड्याचा फोटो काढायचा, दुखो की न दुखो. कळलं का? तुम्हाला कळणार काय म्हणा. तुम्हाला वाटतं, मिठात घातलं की सगळं टिकतं!"

बाकावरचे लोक हसले. मलाही आवडलं त्यांनी हसलेलं. मावशीने पाकिटाची घडी घालून ती कमरेला खोचली, "चुकला बाय" म्हणाली आणि जिना उतरून गेली. मी स्टोव्हकडे वळले तेव्हा मला हलकं हलकं वाटत होतं. डॉक्टरांनी दडवलं, मी सांगितलं. नोकरीही राहिली आणि कर्तव्यही झालं. असा माझा हिशेब होता.

पुढे काही वर्षांनी मी ती लॅब सोडली आणि ठाण्याला एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये लागले. लग्न झालं होतं. तिथे फॉर्मॅलिन वेळेवर यायचं, काचा तिघं-तिघं बघायचे, आणि मी नव्या मुलींना ट्रेनिंग द्यायचे. त्या मुलींना मी मिठाच्या डब्याची गोष्ट दर वर्षी सांगायचे. रंगवून सांगायचे. मावशीचा आवाज काढायचे, डॉक्टरांसारखा नाकाला रुमाल लावून दाखवायचे. गोष्टीत एक मूर्ख डॉक्टर, एक भित्रा दंतवैद्य, एक अडाणी कोळीण आणि चौथी काच बघणारी एक हुशार मुलगी होती. मुली पोट धरून हसायच्या. गोष्टीच्या शेवटी मी म्हणायचे, "पण मी तिला सांगितलं. जे सांगायचं ते मी सांगितलं." आणि मग जरा गप्प राहायचे, म्हणजे त्यांना ते लागावं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका रविवारी मी कल्याणला दिरांकडे गेले होते. जाऊबाई म्हणाल्या, चला, सुरमई आणू. बाजारात एका पाटीसमोर आम्ही थांबलो. एक तरुण मुलगी मासे कापत होती आणि तीच ओरडून गिऱ्हाईक बोलावत होती. तिच्या मागे, फळीवर, एक बाई बसली होती. अंबाड्यात अबोली. पदर तोंडावरून घेतलेला. ती माझ्याकडे बघत होती. मग तिने पदर खाली केला आणि म्हणाली, "लॅबवाली बाय ना तू?"

तिच्या चेहऱ्याची उजवी बाजू नव्हती. म्हणजे गाल होता, पण त्याला आतून धरणारं काही नव्हतं. हनुवटी उजवीकडे ओढली गेली होती, ओठ मिटत नव्हते, बोलताना तिला पदराच्या टोकाने लाळ टिपावी लागत होती. शब्द निम्मे गळून पडत होते. मासे कापणारी ती मुलगी तिची सून, ती मधे मधे सांगत होती. मागच्या साली जबडा परत फुगला, दुखत नव्हता म्हणून कुणी लक्ष दिलं नाही, मग एक दिवस चणे खाताना आतून मोडला. मुंबईला मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथे म्हणाले, फार उशीर केलात, आणि कापला. आता सासू नुसती बसते, मीच ओरडते.

जाऊबाई सुरमईचं डोकं बघत होत्या. मी काय म्हणावं? माणूस काय म्हणतं अशा वेळी? मी म्हटलं, "मावशी, मी तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं."

हो, हेच म्हटलं. अर्धा जबडा गेलेल्या बाईला माझं पहिलं वाक्य हे होतं.

तिने कपाळाला आठ्या घातल्या. आठवायचा प्रयत्न करत होती, मनापासून. "कवा?"

"रिपोर्ट दिला तेव्हा. काउंटरवर. दर सहा महिन्यांनी फोटो काढा म्हटलं होतं."

तिने लाळ टिपली. मग एकेक शब्द सावकाश जुळवत म्हणाली, "तू तं मिठावरून वरडत व्हतीस. लोका हसत व्हती. मी खाली बगत उभी. मना काय आयकू येनार?"

ती रागावली नव्हती. तक्रारसुद्धा नव्हती. मी विचारलं म्हणून तिने सांगितलं. त्या दिवशी बाकावरच्या सात-आठ माणसांना माझा प्रत्येक शब्द ऐकू गेला असेल. जिच्यासाठी ते शब्द होते ती मात्र लाजेने बहिरी झाली होती, आणि ती लाज मी तिला चारचौघांत आणली होती. डॉक्टरांनी एक काच बघितली नाही. दंतवैद्याने फॉर्मॅलिनची एक बाटली भरली नाही. त्यांना मी जन्मभर तुच्छ लेखलं. पण तिचा जबडा वाचवणारी गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती. ती ठाऊक असलेलं माणूस त्या कल्याणात एकच होतं, आणि त्याने ती टोमण्यांत गुंडाळून फेकली होती. मला तिथे उभं राहवेना.  मला माझीच किळस आली, आणि हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही.

मी निघायला वळले तर तिने माझी साडी धरली. मासळीच्या हातांनी, घट्ट.

"बाय," ती म्हणाली, "दुसरी बाजू हाय अजून. ती बी खातं का हे?" तिने डाव्या जबड्यावर बोट ठेवलं. "मोठे डाक्तर इंग्रजीत सांगतान. सुनेला बी समजत नाय. तू सांग. आता मी आयकते. हलू सांग."

सुनेने कोयता खाली ठेवला. मी तिच्यासमोर ओल्या फरशीवर उकिडवी बसले. कसं सांगायचं ते मनात जुळवलं. अशा पिशव्या कुणाकुणाला एकाहून जास्त असतात, म्हणून डाव्या बाजूचाही फोटो काढायचा. उजव्या बाजूला उरलेलं हाडही बघत राहायचं. सहा महिन्यांनी, मग पुन्हा सहा महिन्यांनी, दुखत नसलं तरी, कारण हे दुखत नाही, आणि न दुखण्यातच याचा दगा आहे. साधी चार वाक्यं. मी पहिलं वाक्य सांगितलं. तिने मान डोलावली. मी विचारलं, इस्पितळातून शेवटचा फोटो कधी काढला. ती म्हणाली, "दिवाळीला बोलवला व्हता. गेलू नाय. बाजार व्हता."

"गेला नाहीत?" मी म्हटलं. "मावशी, एवढं सगळं होऊन गेला नाहीत? अहो, तुम्हाला अक्कल..."

माझा आवाज चढला होता. शेजारच्या पाटीवरचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं, आणि मावशीने खाली बघितलं.